सात झाकणं

१२ जानेवारी, सोमवार

ठकू,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. माझे तुला चालतील की नाही ठाऊक नाही, म्हणून ती ओळ सोडून दिली आहे. मागची पत्रं तू उघडली नसशील तर हेही उघडणार नाहीस, मग मी काहीही लिहिलं तरी बिघडत नाही. उघडलं असशील तर शेवटपर्यंत वाच, कारण काम आहे.

तुझी आई गेल्याला चार महिने झाले. इतके दिवस मी शेडमधल्या तिच्या कोपऱ्याकडे फिरकलो नव्हतो. माझं चाक दाराशी, तिचं मागच्या खिडकीशी. मध्ये पंधरा पावलं. ती पंधरा पावलं काल चाललो, तीही शिडी हवी होती म्हणून. वरच्या फळीवर गोणपाट पसरलेलं होतं. उचललं तर खाली सात झाकणं. कच्ची, वाळून पांढरी पडलेली. प्रत्येकाच्या आतल्या बाजूला तिचा अंगठा, नेहमीसारखा, जिथे कुणी बघत नाही तिथे.

तुला सांगायला नको, पण मला दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. बरणी आणि झाकण एकाच मातीचं, एकाच दिवशी करायचं, म्हणजे दोन्ही बरोबरीने आटतात. तीस वर्षं मी बरणी करायचो आणि ती झाकण. तिने ही झाकणं केली त्या दिवशी मी बरण्या करायच्या होत्या. मी म्हणालो, उद्या करतो. तशी कंबर दुखत होती. खरं म्हणजे सकाळी तिने माझ्या एका बरणीला 'पोट सुटलंय' म्हटलं होतं आणि मी फुगून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी तिने अंथरूण धरलं. आता झाकणं आहेत आणि बरण्या नाहीत.

तिची मापाची काडी सापडत नाही. ती लिंबाची, खाचा पाडलेली. तिने कोणत्या खाचेवर ही झाकणं केली हे कळलं तर मला तशा बरण्या करता येतील. आई गेली तेव्हा तू एक दिवस आली होतीस, सगळे कप घासलेस, माझ्याशी चार वाक्यं बोललीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. काडी तू नेलीस का? नेली असशील तर माझी हरकत नाही, फक्त खाचांचं माप कागदावर काढून पाठव.

बाकी ठीक. शेजारची शिवणवाली डबा देते आणि त्याबरोबर उपदेशही देते. डबा मी संपवतो.

बाबा

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठकू,

काडी नाही, पत्र नाही. पोस्टमन हल्ली फाटकाशी न थांबता नुसती मान हलवून जातो. काल म्हणाला, "काका, तुम्ही उगाच उन्हात उभे राहता. आलं तर मी घरात आणून देईन की." मी म्हटलं, मी माती बघायला उभा आहे. तो म्हणाला, "रस्त्यावरची?" मोठा शहाणा आहे.

काडीशिवाय चार बरण्या करून पाहिल्या. ओलं तोंड वीतभर ठेवलं तर वाळून आणि भाजून पेरभर आटतं, हे मला झोपेतही सांगता येईल. पण तिचं झाकण आधीच वाळलेलं, माझी बरणी ओली, आणि अंदाज म्हातारा. दोन बरण्यांत झाकण आत पडलं. एकीवर नुसतं टेकलं, वारा आला तर उडेल असं. चौथी जवळजवळ बसली. जवळजवळ बसलेलं झाकण तुझ्या आईने माझ्या डोक्यात घातलं असतं. चारही परत भिजत टाकल्या.

काम करताना मला तुझ्या ताटल्या आठवतात. अकरा वर्षं झाली, आपण त्याबद्दल बोललेलो नाही. बोलायला तू थांबलीच नाहीस. चाळीस ताटल्या, भट्टीत वितळून काचेसारखी बसणारी तुझी स्वतःची राखेची झिलई, तुझी पहिली स्वतंत्र भट्टी. "ही नीट निघाली तर मी इथेच राहणार, शेजारी दुसरी भट्टी बांधणार. नाहीतर शहरात ती नोकरी धरते," असं तू जेवताना सांगितलं होतंस. मी म्हणालो होतो की राखेची झिलई शेंबडासारखी ओघळेल. माझं तोंड असंच आहे.

आणि चाळीसच्या चाळीस तडकल्या. तेव्हा मी म्हणालो, राखेने घात केला. आता विचार करतो तर वाटतं, सगळा दोष राखेचा नसावा. त्या आठवड्यात वारा फार होता. भट्टीच्या दाराचा लेपही जुन्या मातीचा होता, कुठेतरी फट राहिली असेल. भट्टी आहे, होतं असं. तू ते इतकं मनाला लावून घ्यायला नको होतंस. दवाखान्याच्या खिडकीत बसून लोकांची नावं लिहून घेण्यापेक्षा तुझे हात

हे वाक्य अर्धं ठेवतो. शिवणवाली आली आहे.

बाबा

१९ फेब्रुवारी, गुरुवार, दुपार

ठकू,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. शिवणवाली आली नव्हती. वाऱ्याचंही खोटं, फटीचंही खोटं. सगळं सांगतो, पण मला क्रमाने सांगू दे, नाहीतर मी परत कुठेतरी वळून जाईन.

काडी सापडली. घरातच होती. आईच्या बटणांच्या पत्र्याच्या डब्यात, तिरकी घालून ठेवलेली. तू नेलीस असं मी लिहून मोकळा झालो होतो. माझ्या हातून काही हरवलं की ते तू नेलेलं असतं आणि माझ्या हातून काही फुटलं की ते तू फोडलेलं असतं, अशी माझी रीतच झाली आहे.

काडीखाली एक घडी केलेला कागद होता आणि कागदात ताटलीचा तुकडा. तळहाताएवढा. कागदावर तुझं अक्षर: राख तीन वाट्या, पांढरी माती दोन, गारगोटीची पूड एक. तुकडा मी दारात नेला, उन्हात धरला आणि कडेवरून बोट फिरवलं. बोट कापलं.

तुला कळलंच असेल. आच चढताना मडकं तडकलं तर झिलई नंतर वितळते आणि तडकलेल्या कडेवर पसरते, कड गुळगुळीत होते. भट्टी निवताना तडकलं तर कड काचेसारखी धारदार राहते. हे मीच तुला शिकवलं होतं, तू नऊ वर्षांची असताना, फुटक्या माठाशी बसवून. तुझ्या ताटल्या आच देताना तडकल्या नव्हत्या. आच तू उत्तम दिली होतीस. त्या निवताना तडकल्या, कारण मी भट्टी उघडली.

तू आणि आई मावशीकडे गेला होतात. जाताना तू म्हणालीस, "बाबा, परवा सकाळी मी आले की उघडू. हात लावू नका." भट्टी बंद होऊन एकच दिवस झाला होता, अजून दोन दिवस हवे होते. सकाळी मी दारापुढे खुर्ची टाकून बसलो. चाळीस वर्षं भट्ट्या लावलेला माणूस, आणि मला धीर धरवेना. तुझी झिलई ओघळलेली बघायची होती मला. ती ओघळली असती तर तू परत माझ्या करड्या झिलईकडे आली असतीस आणि मी जे चाळीस वर्षं करत आलो तेच बरोबर ठरलं असतं. इतकं कोतं होतं ते. मी दोन विटा काढल्या. आत नीट दिसेना. आणखी दोन काढल्या, मग आणखी दोन. आईचा हातातला आरसा आणून त्याने ऊन आत पाडलं.

ठकू, झिलई ओघळली नव्हती.

निळसर हिरवी होती, काठाशी थोडी तांबूस. प्रत्येक ताटलीत मध्यभागी ती जराशी साचलेली होती आणि तिथे रंग खोल गेला होता. एकही डाग नाही. मी आयुष्यात असं काही केलेलं नाही आणि करणारही नाही. मी आरसा धरून बघत राहिलो. मला आनंद झाला हे तुला खरं वाटणार नाही, पण झाला. डोळ्यांत पाणी आलं. मी तसाच उभा होतो, तेवढ्यात पहिली ताटली वाजली. टिण्ण. मग दुसरी. थंड हवा आत शिरत होती आणि मी भोक बुजवेपर्यंत त्या एकामागून एक वाजत गेल्या. लेप लिंपून झाल्यावरही आतून आवाज येत होता. दुपारपर्यंत येत होता.

तुझ्या ताटल्या अख्ख्या पाहिलेला माणूस मी एकटा. तूसुद्धा पाहिल्या नाहीस.

तुला मी ते त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तू आलीस, भट्टी उघडलीस, तिथेच खाली बसलीस. मी मागे उभा राहून म्हणालो, "राखेने घात केला." दुपारी मी सगळे तुकडे पाटीत भरून जुन्या मातीच्या खड्ड्यात टाकून आलो. घाईघाईने, कुणी कडा बघायच्या आत. पण आईने एक तुकडा ठेवला होता.

आता दुसरं ऐक, ते मला अधिक लागलं आहे. त्यानंतर दर भट्टी निवायला ठेवली की तुझी आई तिथे खुर्ची घेऊन बसायची. तीन-तीन दिवस. भाजी निवडायची तिथे, उसवलेलं शिवायची तिथे, दुपारी डुलकीसुद्धा तिथेच. मी चिडवायचो, भट्टीशी लग्न लागलंय का म्हणून. ती म्हणायची, "गुडघ्यांना शेक मिळतो." अकरा वर्षं मी तिच्या गुडघ्यांची कीव करत होतो. ती माझ्यावर पहारा देत होती, ठकू. आणि मी कधीतरी आपणहून बोलेन म्हणून वाट बघत होती. रोज समोरासमोर बसून जेवलो आम्ही. तिने एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. हेही बहुतेक खोटंच. मी सांगितलं नसतं, म्हणून तिने विचारलं नाही.

मी तुझी भट्टी फोडली, तुझी चूक म्हणून सांगितलं, आणि तू घर सोडून गेलीस तेव्हा फाटकापर्यंतही आलो नाही. माफ कर असं लिहिणार होतो. तो शब्द लिहून खोडला आहे, दिसेल तुला. मला तो मागायचा हक्क कुठून आला?

तुझा बाबा

८ मार्च, रविवार

ठकू,

मागचं पत्र टाकलं त्याच दिवशी काम सुरू केलं, कारण पत्र पेटीत पडल्यावर मला घरात बसवेना. हात काहीतरी मागत होते.

आईने मळून झाकून ठेवलेली माती तिच्या कोपऱ्यातल्या पिंपात होती. दगड झाली होती. फोडून भिजवली, गाळली, मळली. तीच माती, ज्यातून तिने झाकणं केली. काडीवरच्या तिसऱ्या खाचेला नखाने ओरखडा होता, म्हणजे हीच. त्या मापावर सात बरण्या ओढल्या. पोट सुटू दिलं नाही. सहा दिवस सावलीत वाळवल्या, फळीपाशी दिवसातून तीनदा जाऊन, तान्हं मूल झोपलंय का बघतात तसं बघून. वाळल्यावर एकेक झाकण ठेवून पाहिलं. सातही बसली. सातवं ठेवताना 'टप्' असा तो आवाज आला, नीट बसलेल्या झाकणाचा, आणि मी सवयीने मागे खिडकीकडे बघितलं. तिथे कोण असणार.

झिलईआधीची कच्ची भाजणी सुखरूप झाली. आता जे सांगणार आहे ते तुला न विचारता केलं आहे. झिलई तुझी घेतली. कागदावरची, वाट्यांच्या मापाने. झाकण टेकतं ती कड पुसून घेतली, नाहीतर भट्टीत चिकटतात. बुधवारी भट्टी पेटवली, गुरुवारी सकाळी बंद केली, दार विटांनी चिणलं, वर लेप दिला.

आणि मग आईची खुर्ची घेऊन समोर बसलो. शुक्रवार गेला. शनिवार गेला. आज दुपारी लेपाला हात लावला, गार आहे. उघडायला काही हरकत नाही. आत तिची झाकणं आहेत, माझ्या बरण्या आहेत, तुझी झिलई आहे. आली की गेली, ओघळली की टिकली, मला काही माहीत नाही.

मी उघडणार नाही. तू ये आणि उघड. एक दिवस ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, मी शिवणवालीकडे जाऊन बसेन. शेडची किल्ली तिच्यापाशी ठेवीन. फक्त तू उघड.

बाबा

२६ मार्च, गुरुवार

ठकू,

तुझं पत्र काल आलं. पोस्टमनने ते फाटकापासून हातात उंच धरूनच आणलं आणि मी उघडेपर्यंत हलला नाही. त्याला पाणी दिलं, जा म्हटलं.

एक पान आहे. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. तू लिहितेस, "कडा बघायची गरज नव्हती. दार लिंपून झालं की लेपावर मी पंजा उठवायची, लहानपणापासून. परत आले तेव्हा लेपावर पंजा नव्हता. भट्टी उघडायच्या आधीच मला कळलं होतं. मी खाली बसले ती तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून. तुम्ही बोललात."

पंजा माझ्या ध्यानातही आला नव्हता. लेप मी अगदी गुळगुळीत केला होता, मला वाटलं, छान बेमालूम झाला.

तू लिहितेस, "तुकडा मीच आईला दिला. पुरावा म्हणून नाही. तिला रंग आवडला होता." हे वाचून मी बराच वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो. मी समजत होतो की ती माझा गुन्हा डब्यात घालून ठेवते आहे. ती तुझा रंग ठेवत होती.

आणि तू लिहितेस, "मी गेले ती ताटल्यांसाठी नाही. ताटल्या मी पुन्हा केल्या असत्या. पण तुमच्याशेजारी भट्टी बांधून दर वेळी तुमच्याकडे पाठ करता आली नसती. आता माझ्या हातांची सवय सुटली. अकरा वर्षांत मातीला हात लावलेला नाही आणि आता लावावासा वाटत नाही. मी येणार नाही. तुमच्यावर राग होता तो आई गेली त्या दिवशी कप घासता घासता संपला, त्या जागी काही उरलं नाही. भट्टी उघडा. आईची झाकणं वाया घालवू नका."

राग संपला हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. राग होता तोवर तू कुठेतरी माझ्याशी भांडत होतीस.

मग खाली, सही झाल्यावर, वेगळ्या पेनाने एक ओळ: "राख दोनदा धुतली होती का? कागदावर ते लिहायचं राहिलं होतं."

तीनदा धुतली, ठकू. मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझी झिलई आरशाच्या उजेडात पाहिली तेव्हाच मनात आलं होतं की इतकी स्वच्छ राख दोनदा तरी धुतलेली असणार. तीनदा केली, माझ्या हातावर माझा भरवसा नव्हता म्हणून.

भट्टी मी उघडणार नाही. तू म्हणशील हा जुनाच हट्ट. असेल. तू येणार नाहीस म्हणतेस ते मी ऐकलं, मी आता वाद घालत नाही, फाटकाशी उभाही राहणार नाही. पण एकदा दुसऱ्याची भट्टी मी उघडली आहे. ही तुझी आहे, तुझ्या झिलईची. आईची झाकणं आत वाया जात नाहीत, ती तिथे अंधारात नीट आपापल्या बरण्यांवर बसलेली आहेत. तशीच राहतील. पुढच्या कामासाठी शेडच्या पलीकडे छोटी भट्टी बांधायला घेतली आहे. खरं म्हणजे आता बरण्यांना झाकण करणारं कुणी नाही, तेव्हा वाडगे करतो. वाडग्यांना झाकण लागत नाही.

हे मात्र कागदावर लिहून ठेव, किंवा हे पत्रच ठेव. दाराच्या विटा मी या वेळी सैल लावल्या आहेत, गाऱ्याशिवाय, नुसत्या एकावर एक. लेप पातळ दिला आहे, नखाने निघेल. मला सत्तरावं लागलं. मी नसलो तरी तुला एकटीला उघडता येईल, कुणाला बोलवावं लागणार नाही. वरच्या ओळीतल्या डावीकडच्या विटेपासून सुरुवात कर, ती सगळ्यात हलकी आहे. लेपावर पंजा कुणाचाच नाही, जागा मोकळी ठेवली आहे.

आणि हात भाजेल म्हणून घाबरू नकोस. ती केव्हाच थंड झाली आहे.

बाबा